सेकंड हँड गाडीला एअरबॅगचा रिकॉल आहे, पार्ट येत नाही. तोपर्यंत गाडी चालवावी का?

तुम्ही लिहिलंय की गाडी 2012 ची आहे, दोन वर्षांपूर्वी सेकंड हँड घेतली, कंपनीच्या वर्कशॉपला पहिल्यांदा नेली तेव्हा एअरबॅगचा रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने गाडी फुकट दुरुस्तीसाठी परत बोलावणं) बाकी असल्याचं कळलं, आणि 'पार्ट आला की फोन करतो' यावर चार महिने गेलेत.

रिकॉल शेजारच्या सीटच्या एअरबॅगचा असेल तर त्या सीटवर आजपासून कुणालाही बसवू नका. ड्रायव्हरच्या बाजूचा असेल तर गाडी उभी करा. एवढं लिहून थांबता आलं असतं, पण तुमचा प्रश्न वाचून मला आमच्या घरातला 2019 चा पावसाळा आठवला. त्यामुळे हे लांबणार आहे.

आमची गाडी 2011 ची. 2017 मध्ये माझ्या मावसभावाकडून घेतली. दादा लालबागचा. गाडी त्याने शोरूममधून नवी घेतलेली, कधी ठोकलेली नाही, आतून-बाहेरून चकाचक. घरातलीच गाडी म्हटल्यावर मी काय तपासणार? टायर पाहिले, इंजिन ऐकलं, कागद करून नावावर केली आणि मोकळी झाले. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आठवड्यातून दोनदा मुलुंडहून दादरला फिजिओथेरपीला न्यायचं होतं, गाडी घेतली ती त्यासाठीच. तिचा पाय नीट दुमडत नव्हता. म्हणून पुढची सीट पार मागे सरकवून ती तिथे बसायची. दोन वर्षं ती त्याच सीटवर बसली.

सर्व्हिसिंग मी कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्येच करायचे. जुलै 2019 मध्ये एसी बिघडला, गॅरेजवाल्याला जमेना, म्हणून कंपनीच्या वर्कशॉपला नेली. काउंटरवरच्या मुलाने चेसिस नंबर टाकला आणि म्हणाला, "मॅडम, याच्यावर रिकॉल पेंडिंग आहे. पॅसेंजर साइडचा इन्फ्लेटर." कधीपासून, विचारलं. त्याने तारीख सांगितली. मी गाडी घेतली त्याच्याही आधीची होती. आई बाहेर बाकावर काठी घेऊन बसली होती. काचेतून ती मला दिसत होती आणि हा मुलगा मला एसीच्या कॉम्प्रेसरचा भाव सांगत होता.

त्या रात्री मी वाचायला बसले. इन्फ्लेटर म्हणजे एअरबॅगचा फुगा भरणारा धातूचा डबा. इन्फ्लेटर म्हटलं की एकच नाव पुन्हा पुन्हा समोर येतं, ते जपानच्या ताकाता कंपनीचं. फुगा भरणारा गॅस तयार करायला त्यांनी अमोनियम नायट्रेट वापरलं, आणि त्यातल्या बऱ्याच इन्फ्लेटरमध्ये ओल शोषून घेणारा पदार्थ घातलाच नव्हता. आपल्याकडे पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं म्हणून आई बरणीत तांदळाचे चार दाणे टाकते. त्या डब्यांमध्ये ते तांदळाचे दाणेच नव्हते. वर्षानुवर्षं ऊन आणि दमट हवा लागली की आतलं रसायन खराब होतं, पेटल्यावर नको तितक्या झपाट्याने जळतं, दाब बेसुमार वाढतो आणि धातूचा डबा फुटून त्याचे तुकडे फुग्यातून आरपार समोरच्या माणसाच्या गळ्यात, छातीत घुसतात. धडक किरकोळ असली तरी. एकट्या अमेरिकेत यात किमान 28 माणसं गेली. तिथेही आधी फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट राज्यांतल्या गाड्या बोलावल्या. आता आपली मुंबई डोळ्यांपुढे आणा. मे महिन्यात उघड्यावर तापलेली गाडी, मग चार महिने ओल, आणि हे दरवर्षी.

भारतातल्या गाड्याही यात होत्या. होंडाने जुलै 2016 मध्ये 1,90,578 आणि जानेवारी 2018 मध्ये आणखी 22,834 गाड्या याच कारणासाठी बोलावल्या, टोयोटाने 2017 मध्ये 23,157 कोरोला ऑल्टिस. म्हणजे हे गुपित नव्हतं, पेपरात छापून आलेलं होतं. पण पेपरात 'कंपनीने गाड्या परत बोलावल्या' वाचून कोण उठून आपल्या गाडीचा चेसिस नंबर बघतं? मी नाही बघितला.

आणि दिव्यावर भरवसा ठेवू नका. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून विझला की सगळं ठीक, असं गाडी विकणारा सांगतो. तो दिवा फक्त सर्किट तपासतो. इन्फ्लेटरच्या आतलं रसायन खराब झालंय की नाही हे त्याला कळत नाही. आमचा दिवा दोन वर्षं अगदी वेळेवर विझत होता.

आता मला जे खरं सांगायचंय ते. त्या वर्षी गणपतीला आम्ही सगळे मावशीकडे जमलो होतो. लालबागची त्यांची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली होती आणि ते कांजूरला भाड्याने राहत होते. आरती झाली, पानं मांडायला वेळ होता, तेव्हा मी दादाला सहज विचारलं, "दादा, गाडीसाठी कंपनीचं कधी काही पत्र आलं होतं का रे?" तो म्हणाला, "पत्र कुठे येणार, चाळच पाडली. फोन आला होता ना." मी विचारलं, कधी? तर एक फोन गाडी विकायच्या आधी. तेव्हा त्याला वेळ नव्हता. आणि एक विकल्यानंतर. त्यांना त्याने "मी गाडी विकली" असं सांगितलं आणि फोन ठेवला.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलंस? माझा नंबर तरी द्यायचास त्यांना." तो म्हणाला, "अगं, मला वाटलं ते सर्व्हिसिंगचं काहीतरी विकतायत. आणि गाडी विकली म्हणजे माझा संबंध संपला." मावशी मध्ये पडली, "सणाच्या दिवशी घरातल्या घरात कसले हिशेब काढताय?" आई काही बोलली नाही. जेवणं झाली, आम्ही टॅक्सीने घरी आलो.

त्याचं म्हणणं आजही तेच आहे. काही झालं का? नाही ना? मग झालं. माझं म्हणणं असं की काही झालं नाही यात त्याचं कर्तृत्व काय? दोन वर्षांत कुणी मागून ठोकून आमची गाडी पुढच्या टेम्पोवर ढकलली नाही, एवढंच. विकली म्हणजे संबंध संपला, हे मला मान्य नाही. रिकॉल असतो चेसिस नंबरवर आणि पत्र जातं माणसाच्या नावावर. आरटीओत मालक बदलला म्हणून कंपनीच्या यादीत तो आपोआप बदलत नाही. आमच्या गाडीसाठी तर कंपनीकडे शेवटपर्यंत दादाचंच नाव, दादाचाच नंबर आणि पाडलेल्या चाळीचा पत्ता होता. या दोन टोकांमध्ये एकच दुवा असतो, तो म्हणजे गाडी विकणारा. त्याने एक फोन करायचा असतो. माझा नंबर त्याला तोंडपाठ आहे.

असो. तुमच्या थांबण्याबद्दल. आम्हाला पार्ट मिळायला पाच महिने लागले. त्या पाच महिन्यांत तीन सर्व्हिस ॲडव्हायजर बदलले आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागलं. एक जण म्हणाला, "बिनधास्त चालवा मॅडम, काही होत नाही." मी म्हटलं, हेच लिहून सही करून द्या. नाही दिलं. दुसऱ्याने रिकॉलसोबत जनरल चेकअपचे पैसे लावायचा प्रयत्न केला. रिकॉलचं काम फुकट असतं, पार्टही आणि मजुरीही. एक रुपया देऊ नका.

उशिराचं कारण खोटं नव्हतं हे मी मान्य करते. जगभर कोट्यवधी इन्फ्लेटर बदलायचे होते, ताकाता जून 2017 मध्ये दिवाळखोरीत गेली, आणि बदलीचे पार्ट ऑटोलिव्ह, डायसेल अशा इतर कंपन्यांकडून बनवून घ्यावे लागले. पण कारण खरं असलं म्हणून गिऱ्हाइकाला अंधारात ठेवायचं नसतं. युरोपात सित्रोएनने 2024 मध्ये सी3 आणि डीएस3 च्या हजारो मालकांना गाडी लगेच उभी करा असं सरळ सांगितलं. लोक वैतागले, पण निदान त्यांना कळलं तरी. आपल्याकडे 'काही होत नाही' वर भागवतात.

आमचं चाक हललं ते लिखापढीमुळे. फोनवर बोलणं बंद केलं. जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉप कामाची नोंद करून देतं त्या कागदावर, 'रिकॉल बाकी, पार्ट उपलब्ध नाही' असं तारखेसह लिहून घेतलं आणि त्याचा फोटो, चेसिस नंबर, माझा सध्याचा पत्ता असं सगळं वर्कशॉपला न पाठवता थेट कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल केलं. दर पंधरा दिवसांनी त्याच ईमेलखाली पुढचं ईमेल. चौथ्या ईमेलनंतर पार्टची तारीख आली. तुमचं असंच अडलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे, तिथे तक्रार नोंदवा.

त्या काळात आई मागे बसायची. मागचा दरवाजा अरुंद, पाय ताठ, तिला आत घ्यायला दोन माणसं लागायची. शेवटी मी गाडी उभी केली. रिक्षा सायनपलीकडे जात नाही, म्हणून दोन्ही वेळा टॅक्सी. तो खर्च मला कुणी भरून दिला नाही. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणाला, "ताई, पाचशे रुपये द्या, एअरबॅगचं कनेक्शन काढून रेझिस्टर लावतो, दिवापण लागणार नाही." त्याला मदतच करायची होती. पण हीच युक्ती वापरून अपघातात एअरबॅग उघडलेल्या गाड्या नव्यासारख्या करून बाजारात विकतात, आत फुगाच नसतो आणि दिवा मात्र बरोबर विझतो. मी नको म्हटलं. तुम्हीही करू नका. स्टिअरिंग किंवा डॅशबोर्ड उघडणं हे गॅरेजचं काम नाही, आत स्फोटक आहे.

कायद्याचा आधार किती? मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 110अ हे कलम आलं आणि 1 एप्रिल 2021 पासून सरकार कंपनीला रिकॉल करायला भाग पाडू शकतं, दंडही करू शकतं. पण ते नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना. मला याचा राग येतो. आपल्याकडे सातव्या-आठव्या वर्षी तर गाडी दुसऱ्याच्या घरी जाते, आणि इन्फ्लेटरची ही खराबी वयाबरोबर वाढणारी आहे. जिथे नियमाची गरज सुरू होते तिथेच नियम संपतो. तुमच्या 2012 च्या गाडीला म्हणूनच कंपनीने आपणहून काढलेल्या रिकॉलवरच अवलंबून राहावं लागेल. असा जाहीर केलेला रिकॉल मात्र गाडी जुनी झाली म्हणून नाकारला तर ऐकून घेऊ नका.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. प्रत्येक एअरबॅग रिकॉल इन्फ्लेटरचा नसतो. कधी वायरिंगचा, कधी सेन्सरचा, कधी सॉफ्टवेअरचा असतो. त्यात एअरबॅग उघडणार नाही ही भीती असते, फुटण्याची नाही, आणि तेव्हा माझा 'गाडी उभी करा' हा सल्ला जास्तीचा ठरेल. जॉब कार्डवर नेमका दोष काय ते लिहून घ्या आणि मग ठरवा. दुसरं, 'रिकॉल झालेला आहे' असं कुणी सांगितलं तरी चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर पुन्हा टाकून बघा. अमेरिकेत सुरुवातीला पार्टच्या टंचाईत जुन्याच पद्धतीचे नवे इन्फ्लेटर बसवले गेले आणि त्या गाड्या नंतर पुन्हा बोलवाव्या लागल्या. आणि हे वाचून एअरबॅग नकोच असं म्हणू नका. चांगली एअरबॅग जीव वाचवते, सीट बेल्ट लावलेला असेल तर.

आमचा इन्फ्लेटर डिसेंबर 2019 मध्ये बदलला. काम दोन तासांचं होतं. आई पुन्हा पुढे बसायला लागली.

2022 मध्ये ती गाडी मी कळव्याच्या एका मुलाला विकली. रिकॉलचं जॉब कार्ड फाइलमध्ये सगळ्यात वर लावून दिलं, आणि त्याच्यासमोरच कस्टमर केअरला फोन करून नाव, नंबर, पत्ता बदलून घेतला. पंधरा मिनिटं लागली. मला हे दादाला दाखवायचं होतं, म्हणून मी त्याला तो कॉल झाल्यावर मेसेज केला. त्याने अंगठा पाठवला.

तुमच्या फाइलमध्ये आधीच्या मालकाचा नंबर असेल. पार्टची वाट बघतच आहात, तर त्याला एक फोन करा. भांडायला नको. कंपनीचा फोन किंवा पत्र आलं होतं का आणि आलं होतं तर तुम्हाला का नाही कळवलं, एवढंच विचारा. तो काय म्हणाला ते मला नक्की कळवा.