चेतावणी, चेतवणे आणि एक धूमकेतू

प्रश्न असा आहे: क्षेपणास्त्र सुटताच इशारा देणाऱ्या ‘अर्ली वॉर्निंग सॅटेलाइट’ला ‘चेतावणी उपग्रह’ म्हणावं, ‘पूर्वसूचना उपग्रह’ की सरळ ‘हेरगिरी उपग्रह’?

हेरगिरी तर नकोच. बातम्यांत ते ऐकून कान किटले. फोटो काढणारा हेर उपग्रह काहीशे किलोमीटरवरून फिरतो. हा बहुधा विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच बसलेला असतो. त्याला ना ट्रक दिसतो, ना छावणी. दिसते ती क्षेपणास्त्राच्या शेपटीची आग, तीही अवरक्त किरणांत. अमेरिकेने १९७० पासून सोडलेले ‘डीएसपी’ उपग्रह तर मिनिटाला ६ गिरक्या घेत, म्हणजे तीच जागा दर १० सेकंदांनी पुन्हा न्याहाळत.

‘पूर्वसूचना’ रजेच्या अर्जात शोभते. ती करणाऱ्यानेच द्यायची असते. क्षेपणास्त्र सोडणारा कशाला देईल?

आता ‘चेतावणी’. शब्द हिंदीच्या दारातून आला. मराठीत चेतवणे म्हणजे पेटवणे: अग्नी चेतवतात, भावना चेतवतात. त्यामुळे ‘चेतावणी उपग्रह’ वाचलं की हा वर बसून कुणालातरी चिथावतोय असं वाटतं. पण हाकलण्याआधी त्याचं कूळ बघा. धातू ‘चित्’. वेदांत त्याचे अर्थ दोन: जाणणे, आणि झळकणे, नजरेत भरणे. हिंदीने जाणीव उचलली, आपण ज्वाळा. आणि ‘केतु’ही याच घरातला: झळाळी, खूण, निशाण. धूमकेतू म्हणजे शेपटीचा तारा हे आपलं रोजचं. ऋग्वेदात मात्र ‘धूमकेतु’ हे अग्नीचं विशेषण आहे, धूर हेच ज्याचं निशाण तो. धुराचं निशाण फडकवत आभाळात चढणारी आग! क्षेपणास्त्राचं याहून नेमकं वर्णन कुठल्या परिभाषा समितीला सुचलंय? माझ्या मते या उपग्रहाचं खरं नाव ‘केतुदर्शी’.

यावर एका कोशप्रेमी स्नेह्यांनी मला ऐकवलं, की ही नुसती कोटी झाली, व्युत्पत्ती नव्हे. व्युत्पत्ती मी मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशातून घेतली आहे. कोटी माझी, आणि ती इतिहासाने खरी केली आहे. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री ‘ओको’ या अशाच उपग्रहांच्या सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकेतून ५ क्षेपणास्त्रं सुटल्याचं दाखवलं. (‘ओको’ म्हणजे जुन्या रशियनमध्ये डोळा, आपल्या ‘अक्षि’चा चुलतभाऊ. पण ते पुन्हा कधीतरी.) प्रत्यक्षात उंचावरच्या ढगांवर उन्हाची तिरीप पडली होती. पाचच क्षेपणास्त्रांनी कुणी महायुद्ध सुरू करतं का, असा विचार करून ड्यूटीवरच्या स्तानिस्लाव्ह पेत्रोव्हने इशारा खोटा ठरवला. म्हणजे केतु होता, पण धूम नव्हता! झळाळी आणि आग यांतला फरक त्या डोळ्याला कळला नाही.

हां, तुमचा प्रश्न राहिलाच. ‘पूर्वइशारा उपग्रह’ लिहा. यातलं ‘पूर्व’ क्षेपणास्त्र सुटण्याच्या नव्हे, पडण्याच्या आधीचं. आंतरखंडीय असेल तर मध्ये जेमतेम अर्धा तास. आणि जोडूनच लिहा. सुटं लिहिलंत तर तो पूर्वेकडून आलेला इशारा होतो.