विद्यापीठाचा विस्तार अभियंता शेतकऱ्याच्या नेमका काय कामाचा?

पंप आणि ठिबक विकणाऱ्या कंपन्यांचे इंजिनिअर बांधावर येत असताना विद्यापीठाने विस्तार अभियंते, म्हणजे विद्यापीठातलं ज्ञान शेतापर्यंत नेणारे इंजिनिअर, का नेमावेत, असं तुम्ही विचारलंय. मी याच कामात आहे, म्हणून जरा तळमळीने लिहितोय.

कंपनीचा माणूस आपली वस्तू बसवून देतो, आणि बऱ्याचदा नीट बसवतो. पण "नवा पंप नको, दोन नोझल बदला" हे सांगायला त्याला कोणी पाठवलेलं नसतं. आम्ही आधी मोजतो. फवारणी पंपाच्या प्रत्येक नोझलखाली ठरावीक वेळ भांडं धरायचं. सरासरीपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त फरक पडला की ते नोझल बदलायचं. ठिबकमध्ये लॅटरलच्या (पिकाच्या ओळीतल्या नळीच्या) सुरुवातीचे आणि टोकाचे ड्रिपर असेच तपासतो.

खरी गरज लागते ती पाण्याच्या गुणवत्तेसाठी. पिकाने न घेतलेलं नत्र जातं कुठे? मातीत त्याचं बहुतांशी नायट्रेट होतं. नायट्रेटवर ऋण भार असतो, मातीच्या कणांवरही बहुधा तोच. त्यामुळे माती त्याला धरत नाही आणि ते झिरपत विहिरीत उतरतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला 50 मिलिग्रॅम नायट्रेट. त्यापुढे तान्ह्या बाळांना धोका असतो. स्फुरदाचं उलट आहे. ते मातीला चिकटतं आणि धुपीबरोबर ओढ्यात जातं. म्हणजे वाहतं पाणी अडवून शेतातच मुरवलं तर स्फुरद थांबतं, पण नायट्रेट आणखी खोल जाऊ शकतं. दोन्हींचा हिशेब एकत्र मांडणारं कोणीतरी हवं, आणि त्याला काही विकायचं नसावं.

अमेरिकेत 1914 च्या स्मिथ-लेव्हर कायद्याने विद्यापीठांच्या विस्तारसेवेला सरकारी निधीचा आधार दिला. तिथे आयोवासारख्या राज्यात शेताखाली पुरलेल्या निचरा नळ्यांचं पाणी लाकडाच्या चिपांनी भरलेल्या चरातून सोडतात. त्यातले जिवाणू नायट्रेटचं नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. यामुळे शेतकऱ्याचं उत्पादन वाढत नाही, फायदा होतो खालच्या गावाला. असं तंत्र दुकानातून कसं पसरणार?

अशा अभियंत्याकडे जाताना माती आणि विहिरीच्या पाण्याचे तपासणी अहवाल सोबत न्या, शेताचा उतार कुठे आहे तेही सांगा. आणि गोठ्याची स्लरी (शेण-मूत्राचा रबडा) साठवायची टाकी असेल तर ती ढवळताना आत कोणालाही उतरू देऊ नका. ढवळताना सुटणारा हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तळाशी साचतो, आणि प्रमाण वाढलं की त्याचा वासही येईनासा होतो.