वाचकांचे प्रश्न : शेतातले झाड पिकाच्या मुळावर येते का?

प्रश्न : माझी दोन हेक्टर कोरडवाहू जमीन असून दोन गाई आणि सहा शेळ्या आहेत. पिकांमध्ये झाडे लावल्याने जमीन सुधारते आणि उत्पन्न वाढते, असे सांगितले जाते. परंतु झाडाखाली पीक खुरटते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. यातले खरे काय?
– एक वाचक

उत्तर : आपण पाहिले ते खरेच आहे. झाड आणि पीक एकाच वेळी त्याच थरातले पाणी आणि तेच ऊन मागू लागले, की कोरडवाहू जमिनीत पीक हरते. म्हणून झाडाची जात ठरवताना ते कोणत्या महिन्यांत पानांनी भरलेले असते, हे आधी पाहावे. आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला असलेल्या साहेल पट्ट्यातील फायडरबिया अल्बिडा हा शेंगावर्गीय वृक्ष पावसाळ्यात पाने गाळतो आणि कोरड्या हंगामात हिरवा होतो. त्यामुळे पिकाला ऊन मिळते आणि चाऱ्याच्या टंचाईत जनावरांना शेंगा मिळतात. इतका समंजस वृक्ष सर्वत्र मिळत नाही. इतरत्र हे काम कोयत्याने करावे लागते.

सुबाभूळ किंवा गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडांची ओळ पेरणीच्या आधी कमरेपेक्षा खाली छाटावी, पीक उभे असताना ती पुन्हा दाटली तर पुन्हा छाटावी आणि कोवळा पाला पिकाच्या सऱ्यांमध्ये पसरावा. हा पाला लवकर कुजून पिकाला नत्र देतो. झाडांच्या ओळीपासून साधारण एक मीटरवर दोन फूट खोल चर काढून आडवी मुळे तोडल्यास ओलाव्याची ओढाताण कमी होते. ज्याला या छाटणीसाठी सवड नाही, त्याने पिकात झाडे न लावता बांधापुरतीच ठेवावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

पाला जनावरांना घातला, तर जमिनीचे नत्र गोठ्यात जाते, ही बाब बहुधा हिशेबात धरली जात नाही. त्यातला मोठा वाटा मूत्रातून बाहेर पडतो आणि उघड्या फरशीवरून वाहून किंवा उडून जातो. गोठ्यात सुक्या पानांचा जाड थर अंथरावा आणि तो भिजला की शेणासह खड्ड्यात टाकावा. एवढे केले तरच चाऱ्याचे खत होऊन शेतात परतते. सुबाभळीत मायमोसिन हे विषारी द्रव्य असते, म्हणून तिचा पाला एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा कमीच असावा. अन्यथा जनावरांचे केस गळतात.

उत्पन्नाबाबत सांगायचे, तर आधी विकतच्या चाऱ्याचा खर्च वाचतो, मग सरपण व खांब मिळतात आणि इमारती लाकडाचे पैसे सर्वांत शेवटी, तेही अनेक वर्षांनी येतात. त्या पैशांच्या भरवशावर कर्ज काढू नये.

रोपे विकत घ्यावीच लागतील, असेही नाही. पश्चिम आफ्रिकेतील नायजर या देशात १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी जमिनीत जिवंत असलेल्या जुन्या खोडांचे मोजके जोमदार फुटवे राखून व बाकीचे छाटून लाखो हेक्टर शेतांवर पुन्हा झाडे उभी केली. आपल्या बांधावर अशी फुटणारी धसकटे असतील, तर यंदा ती मोजावीत, प्रत्येकावर दोन-तीन फुटवे ठेवावेत आणि शेंडे शेळ्यांच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत त्यांना काटेरी फांद्यांचे कुंपण करावे.