टॅरो इजिप्तचं? भाषणाआधी हे वाचा

"टॅरो प्राचीन इजिप्तचं, पुजाऱ्यांनी गुप्त ज्ञान पत्त्यांत लपवलं असं क्लासच्या नोट्समध्ये आहे, भाषणात तेच सांगू ना?" तुमचा हा प्रश्न वाचून पोटात गोळाच आला. मीही अगदी हेच केलं होतं.

टॅरो म्हणजे भविष्य सांगायला वापरतात ते चित्रांचे पत्ते, एवढं तुम्हाला ठाऊक असणारच. वाचनालयाच्या कार्यक्रमात मी नोट्स घडाघडा म्हणून दाखवल्या. मागच्या रांगेतले एक निवृत्त मास्तर उठले. "बाई, हे इजिप्तचं प्रकरण कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकानं पॅरिसमध्ये १७८१ साली छापलं. शांपोलियों या फ्रेंच अभ्यासकाला इजिप्तच्या चित्रलिपीचा उलगडा झाला १८२२ साली. मग जेबलँनं त्याआधीच वाचलं कशातून?" माझी वाचाच बसली. क्लासला मेल केला तर उत्तर आलं, तुमची श्रद्धा कमी पडते. नाव विचारू नका, सांगणार नाही. फी गेली ती गेलीच.

मुळात हा पत्त्यांचा डाव. १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत, मिलान-फेरारा-फ्लॉरेन्सकडे, साध्या चार रंगांच्या पत्त्यांत चित्रांचे हुकूम घातले गेले. त्यांना म्हणत त्रिओन्फी. आपल्यासारखा दर डावाला हुकूम बदलायचा नाही, तो कायमचाच. पुढे ७८ पत्त्यांचा कॅट रूढ झाला: ५६ साधे, २१ हुकूम, एक वेडा. फ्रान्समध्ये आजही लोक हा डाव खेळतात, भविष्यबिविष्य काही नाही. ते खूळ वाढलं अठराव्या शतकात. क्लासात बहुतेक ठिकाणी जी चित्रं शिकवतात ती तर पामेला कोलमन स्मिथनं काढलेली, १९०९ ची, लंडनची.

इजिप्तचा धागा हवाच असेल तर एक खरा आहे. तलवारी, पेले, नाणी हे रंग मामलुकांच्या पत्त्यांतून युरोपात आले, आणि मामलुक सुलतान राज्य करत कैरोतून. इटालियन पत्त्यांतला चौथा रंग सोट्यांचा, त्याच्या जागी मामलुकांकडे पोलोच्या काठ्या होत्या. पण फॅरोंचा, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजांचा, इथे काही संबंध नाही.

मी इतिहासकार नाही, हौशी आहे. पत्ते मांडणाऱ्यांवरही माझा राग नाही, मी स्वतः अजून मांडते. फक्त तारखा क्लासच्या झेरॉक्सवरून घेऊ नका.

आणि हो, व्हिस्कोन्ती-स्फोर्झा या मिलानच्या पंधराव्या शतकातल्या कॅटाचे फोटो दाखवणार असाल तर जपून. त्यातले सैतान आणि मनोरा हे दोन पत्ते आज उपलब्धच नाहीत, विकत मिळणाऱ्या संचांत ते हल्लीच्या चित्रकारांनी भरलेले असतात. मी तेही 'अस्सल' म्हणून पडद्यावर दाखवले होते. नशीब, मास्तर तोवर चहाला गेले होते.