घसा बसला, पण नेमके काय बसले?

प्रिय मुली,

तुझे पत्र वाचले. पावसाळ्यात बसलेला घसा दिवाळी झाली तरी सुटलेला नाही, आजी ज्येष्ठमध चघळायला लावते, भजनी मंडळातले काका पहाटे उठून खर्ज लाव म्हणतात, शाळेतल्या सहकारी बाई हळद-मिठाच्या गुळण्या सांगतात, मैत्रीण कुजबुजत बोलण्याचा सल्ला देते, आणि या सगळ्यांच्या मधोमध उभी राहून तू मला विचारतेस की नोकरी सोडू का. एवढ्या उपायांची यादी केलीस, परंतु त्यांतला कोणता उपाय शरीरातल्या कोणत्या जागी पोहोचतो, हा प्रश्न तुझ्या पत्रात कुठेही नाही. मला राग आला तो एवढ्याचसाठी. तू माझ्या विज्ञानाच्या वर्गात बसलेली मुलगी आहेस. दुखणे कोणतेही असो, आधी जागा विचारायची, हे मी तुला शिकवले होते.

आपल्या भाषेने या भागाला इतकी नावे दिली आहेत आणि एकेका नावावर इतकी कामे लादली आहेत की बोलताना त्यांचा आनंद होतो, पण दुखणे सांगताना त्यांचा काही उपयोग होत नाही. गळा म्हणजे मानेची पुढची बाजू, गळा म्हणजे गाणाऱ्याचा आवाज, शिंप्याने पोलक्याला कापलेला आकार आणि घागरीचा काठाखालचा अरुंद भागही गळाच. रडणारा गळा काढतो, नकोसा माणूस गळ्यात पडतो आणि कर्ज गळ्याशी येते. मुलाला कंठ फुटतो, पाढे कंठस्थ होतात, आणि आपल्या सीमाभागातल्या माणसाने दर १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनी किती कंठशोष केला आहे ते तुला ठाऊक आहे. रागावलेल्या माणसाच्या तोंडी मात्र नरडेच येते. तू बेळगावला गेलीस तर तिथले डॉक्टर कदाचित कन्नडमध्ये ‘गंटलु’ म्हणतील, आणि तो शब्दही आपल्या घशाइतकाच ऐसपैस आहे. व्याकरणाच्या तासाला तू क, ख, ग, घ, ङ हे कंठ्य वर्ण म्हणून शिकवतेस, पण ‘क’ म्हणताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो. खऱ्या अर्थाने स्वरयंत्रातच उमटणारा वर्ण ‘ह’ आहे, हे स्वतः उच्चारून पाहा. म्हणून ‘घसा बसला’ या दोन शब्दांवर कोणताही काढा पिऊ नकोस.

आता जागा नीट पाहू. घसा ही नाकाच्या मागून सुरू होऊन, तोंडाच्या मागून खाली उतरत अन्ननलिकेला मिळणारी स्नायूंची नळी आहे. मोठ्या माणसात तिची लांबी साधारण १२ ते १३ सेंटीमीटर असते, आणि श्वासाची हवा व गिळलेला घास या दोघांनाही तिच्यातूनच जावे लागते. तिच्या खालच्या भागात, पुढच्या अंगाला, स्वरयंत्र आहे. त्याचा सांगाडा ९ कूर्चांचा, म्हणजे लवचीक मऊ हाडांचा, असून त्यांतली सर्वांत मोठी कूर्चा पुरुषांच्या गळ्यावर कंठमणी म्हणून उठून दिसते. या सांगाड्याच्या आत पुढून मागे ताणलेले दोन स्वररज्जू, म्हणजे आवाज उमटवणाऱ्या दोन घड्या, असतात, आणि बाईमाणसात त्यांची लांबी जेमतेम दीड सेंटीमीटर भरते. तू साधे बोलतेस तेव्हा ते एका सेकंदात सुमारे २०० वेळा एकमेकांवर आपटतात. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना, नली-कलीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या खेळत शिकण्याच्या पद्धतीच्या, पहिली ते तिसरीच्या एकत्र वर्गासमोर उभी राहून तू ओरडतेस, तेव्हा ते तेवढ्याच वेळात आणखी वेगाने आणि कितीतरी जोराने आपटतात. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यातला पाऊस तीन-चार महिने पडतो. तुझा आवाज का बसला याचे निम्मे उत्तर शाळेच्या छपरावर आहे.

आपण गिळतो तेव्हा स्वरयंत्र वर उचलले जाते, स्वररज्जू मिटतात आणि पानाच्या आकाराची एक कूर्चा वरून झाकण धरते. म्हणूनच ज्येष्ठमधाचा रस, खडीसाखर, मध, काढा, हळदीचे दूध यांतले काहीही स्वररज्जूंपर्यंत पोहोचत नाही, आणि चुकून थेंब गेलाच तर ठसका लागून जीव कासावीस होतो. गुळणीचे पाणी तर त्याच्याही वर, तोंडाच्या मागच्या भागातच खेळते. घसा दुखत असेल, गिळताना टोचत असेल, तर मिठाच्या गुळण्यांनी बरे वाटते, कारण त्या वेळी दुखणे त्या जागेचे असते. श्वासाबरोबर आत जाणारी वाफ मात्र स्वररज्जूंना ओलावा देते, म्हणून वाफ घेण्याला माझी हरकत नाही. आजीच्या ज्येष्ठमधालाही हरकत नाही. त्याने लाळ सुटते आणि खाकरण्याची इच्छा कमी होते. पण त्याला औषध समजून थांबून राहण्याला माझी ठाम हरकत आहे. मैत्रिणीचा सल्लाही नीटसा बरोबर नाही, कारण पुष्कळ माणसे कुजबुजतानाही स्वरयंत्र आवळून धरतात. बोलायचेच असेल तर हळू, सैल आवाजात बोल, नाहीतर गप्प राहा. आणि खर्जाचा रियाज निरोगी स्वररज्जूंसाठी आहे. सुजलेल्यांवर तो चालवू नये, हे काकांना माझ्या नावाने सांग.

तक्रारीची जागा एक आणि कारणाची जागा दुसरी, असेही होते, आणि यासाठीच मी एवढा आग्रह धरते. पोटातले आम्ल वर चढून स्वरयंत्र चुरचुरते, तेव्हा कारण पोटात असते. डाव्या स्वररज्जूला हलवणारा मज्जातंतू मानेतून सरळ छातीत उतरतो, हृदयातून निघालेल्या महाधमनीला खालून वळसा घालतो आणि पुन्हा वर स्वरयंत्रापर्यंत येतो. त्यामुळे छातीतल्या गाठीनेसुद्धा आवाज बसू शकतो. आपल्याच सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गाणे काही वर्षे थांबले ते क्षयाने फुफ्फुस निकामी केले म्हणून. त्यांचा गळा शाबूत होता, श्वास अपुरा होता, आणि पुढे त्यांनी आपली गायकी त्या श्वासाच्या मापाने बसवली. याउलट धारवाडच्या गंगूबाई हनगल यांचा कोवळा आवाज घशावरच्या उपचारानंतर जाड आणि भारदस्त झाला; तिथे बदल आवाजाच्या वाटेवरच झाला होता, आणि त्या बाईंनी त्या नव्या आवाजात आयुष्यभर गाऊन दाखवले. दोघांची जागा वेगळी, म्हणून दोघांची वाटही वेगळी.

माझे वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला होते. दिवसभर तंबाखूच्या धुळीचा खकाणा, वर विडी, आणि रात्री भजन. त्यांचा आवाज घोगरा झाला तेव्हा घरच्यांनी आणि गल्लीतल्यांनी ‘खकाण्याने घसा धरलाय’ असे म्हणून त्या दुखण्याला नाव दिले, आणि नाव मिळाल्यावर पुढे कोणी काही विचारले नाही. मधाची चाटणे झाली, काढे झाले, एक भजनी सप्ताहही झाला. मिरजेला नेले तेव्हा स्वररज्जूवरची गाठ मानेपर्यंत पसरली होती. स्वररज्जूवरचा कर्करोग आवाज बदलून फार लवकर सूचना देतो आणि लवकर पाहिला तर तो बहुतेकदा पुरता बरा करता येतो, हे मी पुढे पुस्तकात वाचले, आणि त्या वाचनाचे दुःख अजून गेलेले नाही. तुला तसेच काही झाले असेल असे मी सुचवत नाही. तू विडी ओढत नाहीस आणि तुझे वयही लहान आहे. तुझ्या बाबतीत मला शंका येते ती शिक्षकांना आणि गाणाऱ्यांना होणाऱ्या साध्या गाठींची. कुदळ मारणाऱ्याच्या तळहाताला घट्टे पडतात तशा त्या स्वररज्जूंच्या सर्वांत जास्त आपटणाऱ्या जागी, पुढच्या एक तृतीयांश भागाच्या टोकाला, समोरासमोर येतात. आवाजाला विश्रांती आणि बोलण्याची सवय बदलण्याचे प्रशिक्षण एवढ्याने त्या पुष्कळदा जातात, शस्त्रक्रियेची वेळ क्वचितच येते. पण ही माझी शंका आहे, आणि शंकेवर मीही उपाय सांगणार नाही. आधी जागा पाहून घे.

ती जागा पाहता येते. मॅन्युएल गार्सिया नावाच्या गायनशिक्षकाने १८५४ साली एक लहान आरसा घशात धरून आणि त्यावर सूर्यप्रकाश पाडून स्वतःचे हलते स्वररज्जू पाहिले. तो डॉक्टर नव्हता, आवाज कुठून येतो याची त्याला ओढ होती. आता बारीक दुर्बीण घालून काही मिनिटांत ते पडद्यावर दिसतात. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे, असा साधा नियम आहे, आणि तू कित्येक महिने घालवलेस.

आवाज जपण्याच्या आग्रहासाठी मला पुष्कळांनी हट्टी म्हटले. तरुणपणी माझ्या एका मुख्याध्यापकांनी सर्वांसमोर सुनावले होते की ज्या शिक्षिकेचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जात नाही तिने घरी बसावे. मी आवाज चढवला नाही. बाके भिंतीला लावली, मुलांना माझ्याभोवती अर्धवर्तुळात बसवले आणि पाऊस वाढला की तोंडी धडा थांबवून फळ्यावर लिहिले. वर्गाची शिस्त मोडते असा शेरा माझ्या नावावर आला आणि बढती मागे राहिली. तरी मी बरोबर होते असेच मी म्हणेन, कारण निवृत्तीच्या दिवशीही मी सहज बोलू शकत होते, आणि माझ्याबरोबर लागलेल्या काही गुणी शिक्षकांना चाळिशीनंतर वर्गात दोन वाक्येही सलग बोलता येत नव्हती.

तेव्हा सोमवारी रजा टाक आणि बेळगावला जा. सरकारी रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. ‘घसा बसलाय’ एवढेच सांगून थांबू नकोस. आवाज केव्हापासून घोगरा आहे, सकाळी बरा असतो की संध्याकाळी, गिळताना दुखते का, छातीत जळजळ होते का, हे कागदावर लिहून ने आणि स्वररज्जू पाहायला सांग. त्यांनी पडद्यावर दाखवले की नेमकी जागा विचारून घे आणि घरी आल्यावर ती मला चित्र काढून पाठव. नोकरीबद्दल आपण त्यानंतर बोलू. त्याआधी मी ‘सोड’ म्हणणार नाही आणि ‘सोडू नकोस’ असेही म्हणणार नाही.

तुझी
बाई