नाशिकमध्ये २०२२ ची वापरलेली टिगोर ईव्ही साडेसहा लाखात घ्यावी का?

तुम्ही लिहिलंय की २०२२ ची टिगोर ईव्ही आहे, ५८ हजार किमी फिरलेली, साडेसहा लाख मागतायत, आणि तुमचा वापर म्हणजे रोज पाथर्डी फाटा ते मुसळगाव एमआयडीसी जाऊन-येऊन ७० किमी, शिवाय महिन्यातून एकदा कल्याणला सासरी. तर दादा, या वापराला ही गाडी एकदम फिट आहे. माझ्याकडे हीच आहे, दीड वर्षापूर्वी सेकंड हँडच घेतली आणि ३४ हजार किमी चालवली. पण कॉलेज रोडला एक चक्कर मारून टोकन देऊ नका. गाडी एक रात्र आणि एक अख्खा दिवस तुमच्या ताब्यात पाहिजे, मालक सोबत बसला तरी चालेल, आणि नाहीच म्हणाला तर सरळ दुसरी बघा.

एवढं ठासून सांगतोय कारण मी स्वतः फसता फसता वाचलोय. एका डीलरकडे टिगोर ईव्ही म्हणून गाडी लावलेली, पांढरीशुभ्र, पॉलिश मारलेली, बाकीच्यांपेक्षा ८० हजारांनी स्वस्त. बायको म्हणाली घेऊन टाकू, मी ५ हजार टोकन पण दिलं. निघताना डिकी लावली, संध्याकाळचं तिरकं ऊन पत्र्यावर पडलेलं, आणि त्या उन्हात अक्षरांचे पुसट ठसे दिसले. बोट फिरवलं तर गोंद अजून चिकट लागत होता. वाचलं तर एक्सप्रेस-टी. ही टाटांनी २०२१ मध्ये टॅक्सी आणि फ्लीटवाल्यांसाठी काढलेली गाडी, बॉडी तीच, पण सुरुवातीच्या गाड्यांत बॅटरी २१.५ किंवा १६.५ युनिटची आणि कागदावरची रेंज २१३ किंवा १६५ किमी, टिगोर ईव्हीत २६ युनिटची बॅटरी असते. तिथेच उभं राहून एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकला तर प्रकार मोटर कॅब, आणि गाडीवर पाटी मात्र खाजगीची. खाजगी ईव्हीला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं असतात, टॅक्सीला हिरव्यावर पिवळी, म्हणजे पाटी बदललेली आणि आरसी तशीच. डीलर म्हणे "साहेब, एकच गाडी असते ती." टोकन परत मिळायला दीड महिना गेला, रोज फोन करावा लागला. म्हणून आधी घरबसल्या नंबर टाकून बघा, मग गाडी बघायला जा.

तुमच्या बाबतीत २०२२ चं मॉडेल आहे हे बरंय. २०१९-२० ची टिगोर ईव्ही स्वस्तात मिळते पण तिचा मोटर कमी ताकदीचा आणि चार्जिंगचं सॉकेट वेगळं, आता सगळीकडे जी सीसीएस-२ गन असते ती तिला लागतच नाही. ऑगस्ट २०२१ नंतर झिपट्रॉनवाली, म्हणजे टाटांच्या नव्या मोटर-बॅटरी सिस्टीमची, आली तीच घ्यायची.

आता बॅटरी. डॅशबोर्डवर दिसणाऱ्या रेंजवर जाऊ नका, तो आकडा आधीच्या ड्रायव्हिंगवरून बनतो, आदल्या दिवशी कोणी गावात ३० च्या स्पीडने फिरवली असेल तर २५० पण दाखवेल. मी काय केलं ते सांगतो. रात्री घरी १५ अँपिअरच्या सॉकेटवर १०० टक्के भरली, मध्ये पाचशे-सहाशे रुपयांचा सबमीटर लावला. सकाळी ट्रिप मीटर शून्य केलं आणि नाशिकहून इगतपुरी, कसारा घाट उतरून खाली कसारा, चहा घेतला, परत. साधारण १२० किमी. एसी चालू, स्पीड ८०-८५. परत आलो तेव्हा ३६ टक्के उरलेलं, म्हणजे एका टक्क्याला १.९ किमी पडलं. १.८ ते २ च्या मध्ये आलं तर गाडी चांगली समजा, १.५ आलं तर का ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि जाताना टक्केवारीवर डोळा ठेवा, ती एकेक करून उतरायला पाहिजे, २२ वरून एकदम १४ वर उडी मारली तर एखादा सेल गेलेला असू शकतो.

मग परत चार्जिंगला लावा आणि सबमीटरवर किती युनिट गेले ते लिहून ठेवा, खरी परीक्षा हीच. २६ युनिटचे ६४ टक्के म्हणजे साडेसोळा, वर चार्जरमधला लॉस धरून भिंतीतून १८-१९ युनिट गेले पाहिजेत. तेवढेच टक्के भरायला १४ युनिटच लागले तर कोणी स्वस्तात चार्ज झाली म्हणून खूष होईल, पण त्याचा अर्थ बॅटरीत मावतंच कमी. माझ्या गाडीत १८ च्या थोडं खाली गेले होते, तेव्हा ती ४१ हजार चाललेली होती.

कसारा मुद्दाम सांगतोय, कारण कल्याणची तुमची खरी अडचण जाताना नाही, येताना आहे. कल्याण जवळपास समुद्रसपाटीला आणि नाशिक साधारण ६०० मीटरवर. चार माणसं आणि सामान धरून गाडी दीड टनाची, ती ६०० मीटर चढवायला फक्त उंचीपोटी अडीच युनिट लागतात, बॅटरीचे दहा टक्के समजा. जाताना उतारावर रीजेनमधून, म्हणजे मोटर उलटी बॅटरी भरते त्यातून, त्यातलं बरंच परत मिळतं, येताना पूर्ण खिशातून. समृद्धीने गेलात तर इगतपुरीचा पावणेआठ किमीचा बोगदा लागतो, घाटाची वळणं वाचतात पण उंची तेवढीच राहते, आणि तिथे १०० च्या वर पळवायचा मोह होतो, तेव्हा चार्ज झरझर उतरतो. मी १३० किमीच्या परतीला कल्याणहून ९० टक्क्यांच्या खाली कधीच निघत नाही. सासरी साधं १५ अँपिअरचं सॉकेट असेल तर रात्री लावून ठेवा, प्रश्नच मिटला.

वॉरंटी बॅटरी आणि मोटरवर ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी, जे आधी होईल ते. तुमचं वर्षाला २४ हजार तरी होणार, शिल्लक १ लाख २ हजार, म्हणजे सव्वाचार वर्षांत किमी संपणार. भाव करताना हा हिशोब मालकासमोर मांडा. आणि चॅसी नंबर घेऊन सर्व्हिस सेंटरला स्वतः जा, वॉरंटी चालू आहे का, दुसऱ्या मालकाच्या नावावर होते का, सगळ्या सर्व्हिसिंग झाल्यात का, हे लेखी घ्या, "होतं साहेब" वर विसंबू नका. तिथेच रॅम्पवर चढवून खालून बघा. आपल्याकडचे गावातले स्पीडब्रेकर काय असतात माहितीये, माझ्या गाडीच्या बॅटरीच्या केसिंगला वीतभर ओरखडा होता, मेकॅनिकने टॉर्च धरून दाखवला, नुसतं खरचटलेलं निघालं. पोचा पडलेला असेल तर तो सौदा सोडायचा. सीटबेल्ट पूर्ण ओढून मुळाशी चिखलाचे डाग आहेत का तेही बघा, पुरात उभी राहिलेली गाडी तिथे पकडली जाते.

१२ व्होल्टची छोटी बॅटरी जुनी असेल तर बदलूनच टाका, ती बसली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी चालूच होत नाही. पुढचे टायर पण बघा, ईव्हीत टॉर्क एकदम येतो आणि पुढची चाकं ओढतात म्हणून लवकर झिजतात. डिकी ३१६ लिटरची, पेट्रोल टिगोरपेक्षा शंभरेक लिटरने कमी, तेव्हा सासरहून तांदळाचं पोतं येणार असेल तर आधीच बघून ठेवा.

कागदांचं थोडक्यात, गाडी नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, बाकी पेठ रोडला आरटीओत. इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर करा, जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, फरक भरावा लागतो. डीलरकडून घेतली तर त्याच्या मार्जिनवर १८ टक्के जीएसटी असतो, मालकाकडून थेट घेतली तर नाही. गाडीचं मोबाईल ॲप जुन्या मालकाच्या खात्यातून तुमच्यासमोर काढून घ्या, नाहीतर गाडी कुठे उभी आहे ते त्याला दिसत राहील.

घरी आधी इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासा. अर्थिंग खराब असेल तर चार्जिंग सुरूच होत नाही आणि माणूस गाडीला दोष देत बसतो. माझ्या सोसायटीत पहिल्या रात्री नेमकं हेच झालं, पार्किंगमध्ये दहा वाजता वॉचमनला टॉर्च धरायला लावून बसलो होतो, आणि निघालं काय तर अर्थची वायर बोर्डातच सुटलेली.

भावाचं म्हणाल तर घाटाची चाचणी नीट गेली आणि वॉरंटी लेखी मिळाली तर मी सहापर्यंत जाईन, टायर नवे टाकायचे असतील तर तेवढे त्यातून कमी. मी इंदिरानगरला राहतो, सबमीटर माझ्याकडे पडूनच आहे, घेऊन जा, फक्त परत आणून द्या.