विचारा क्रिकेटचं : आठ आण्याचा साहेब

प्रश्न : आजोबा सांगायचे, पुण्यात साहेबाला एकदा बाद केलं की बाळू पळवणकरांना आठ आणे मिळायचे. खरं का? आणि त्यांच्या बॅटिंगचं कुणीच काही बोलत नाही, ते का?
— एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : डावखुरे फिरकी गोलंदाज बाळू यांची ही आठ आण्यांची गोष्ट सगळेच सांगतात. साहेब म्हणजे ग्रेग, पुढे इंग्लंडच्या हॅम्पशायर काउंटीकडून खेळलेला. पावती काही कुणी ठेवलेली नाही, त्यामुळं मी ती चवीपुरती घेतो. पण हिशेब बघा. युरोपियनांच्या पूना क्लबात बाळूंचा पगार महिना चार रुपये. म्हणजे आठ वेळा ग्रेग उडाला की दुसरा पगार! आधी पारशांच्या क्लबात तीनच रुपये होते, खेळपट्टी झाडा, रोलर ओढा.

बॅटिंगचं मात्र मला मनाला लागतं. नेटमध्ये साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे ते बाळूंनी, बॅट धरायची ती साहेबांनी. मीही डावखुरा फिरकीवाला. कोल्हापुरात मेरी वेदर मैदानावर दोन तास टाकून खांदा भरून यायचा, आणि माझी पाळी येईतो अंधार पडलेला. पण मला निदान पाळी होती. बाळूंना ती नव्हतीच.

हाताला वळण मात्र तिथंच लागलं. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्या संघात बाळू होते, भाऊ शिवरामही. 1911च्या इंग्लंड दौऱ्यात आपला संघ सपाटून हरत होता आणि हा गडी 114 बळी घेऊन आला. वय पस्तिशीचं. आजचा फिरकीवाला तेवढ्यात चार वेळा दुखापतीची रजा काढेल.

पुण्यात सुरुवातीला हिंदू संघातले गडी त्यांच्या चेंडूवर सामने जिंकायचे, पण चहाच्या वेळी बाळू पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या बोळक्यात चहा. जात चांभाराची, एवढंच कारण. आपल्याकडं कोल्हापुरात दलित समाजातल्या गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलात शाहू महाराज मुद्दाम थांबून चहा घ्यायचे, ते याच जमान्यात. फुटबॉलच्या नादात कोल्हापूरकर हे विसरतात, म्हणून आठवण.

कप्तानपदाचंही तसंच. बाळूंना डावललं ते डावललंच. 1923 साली हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन संघांच्या चौरंगी स्पर्धेत हिंदूंचं कप्तानपद धाकट्या भावाकडं, विठ्ठलकडं आलं आणि संघ जिंकला. विठ्ठल फलंदाज होते. घरात बॅट पोचली ती अशी.